माणूस जाण्याआधीचा खर्च

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की सरकारी पैशाची वाट ठरलेली आहे. पंचनामा होतो, तहसीलदाराचा अहवाल जातो, जिल्हा समितीसमोर प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ही मदत थांबावी असं कुणीही म्हणणार नाही. ती अपुरीच आहे. पण त्याच माणसाच्या शेवटच्या महिन्यात त्याच्याशी रोज बोलणारे लोक गावात होते. आशा कार्यकर्ती होती, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा सचिव होता, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार होता, पोरीच्या वर्गाचे गुरुजी होते. ‘जीव द्यायचा विचार येतो का’ हे त्याला विचारायचं कसं, आणि तो ‘हो’ म्हणाला तर पुढच्या तासाभरात करायचं काय, हे त्यांना शिकवण्याचा खर्च अशा कुठल्याही ठरलेल्या वाटेनं येत नाही. १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून एखादं व्याख्यान होतं, फोटो निघतो, तिथंच विषय मिटतो.

आमची मागणी आहे ती एवढीच: सोलापूर जिल्ह्यात आत्महत्या प्रतिबंधाच्या लोकप्रशिक्षणाला स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाची वेगळी नोंद, द्या, निदान तीन वर्षांसाठी. आणि ते देताना त्या प्रशिक्षणाच्या दर्जाच्या अटी लेखी घाला. कारण वाईट प्रशिक्षणावर घातलेला पैसा वाया जातोच, वर ‘आम्ही केलं’ असं खोटं समाधानही देऊन जातो.

सोलापूरसाठी हा मुद्दा वेगळा मांडावा लागतो. राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ मध्ये आला तो १४ जिल्ह्यांसाठी, मराठवाड्याचे ८ आणि विदर्भाचे ६. आशा कार्यकर्तीनं घरोघरी जाऊन खचलेला माणूस हेरावा आणि त्याला उपचारापर्यंत न्यावं, अशी त्याची रचना. सोलापूर त्या यादीत नव्हतं. धाराशिव जिल्ह्यातली येडशी यादीत आणि सोलापूर जिल्ह्यातलं वैराग यादीबाहेर, असा त्याचा प्रत्यक्ष अर्थ. दोन्हीकडं तोच पाऊस, तेच सोयाबीन, तोच बाजार. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं करमाळा, माढा, मोहोळच्या शिवारात जे केलं तेही जिल्ह्याची हद्द पाहून केलं नाही.

शिवाय हा फक्त शेतकऱ्याचा प्रश्न नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. देशाच्या आकड्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ६.६ टक्के आहेत, तर रोजंदारीवरचे लोक २६.४ टक्के. सोलापूर शहराकडं या नजरेनं पाहा. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांवरचा कामगार, विडी घरकुलातली विडी वळणारी बाई, दोघांची मजुरी नगावर. हात चालले तर पैसे. मालाला उठाव नसला की माग बंद. फायनान्सचा हप्ता मात्र दर आठवड्याला दारात. यांच्यासाठी ना पात्र-अपात्र समिती बसते, ना कुणी आकडा विचारतो.

कायद्यानं हे काम सरकारचंच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २९ मध्ये आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्यासाठी कार्यक्रम आखून राबवणं हे सरकारचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला उपचार व पुनर्वसन द्यायचं. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणानं २०३० पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण १० टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण संस्थांसाठी दिलेल्या निर्देशांत शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण सांगितलं आहे. आदेश झाले, धोरण झालं. ते कोणत्या खात्यातून, किती रुपयांनी, हे मात्र जिल्ह्यालाच ठरवावं लागणार.

आता प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, ते सविस्तर सांगायला हवं. निधी देणाऱ्यालाही ते बऱ्याचदा माहीत नसतं.

या पद्धतीला जगभर ‘गेटकीपर’ प्रशिक्षण म्हणतात. डॉक्टर नसलेल्या, पण लोकांच्या रोजच्या संपर्कातल्या माणसाला तीन गोष्टी शिकवायच्या: ओळखणं, थेट विचारणं, आणि पुढं पोचवणं. ऐकायला सोपं आहे. अवघड आहे ती मधली पायरी.

ओळखण्याची चिन्हं पुस्तकातली सांगून भागत नाही, आपल्या बोलीतली सांगावी लागतात. ‘कशात राम राहिला नाही’, ‘माझ्यामुळंच सगळ्यांना ताप’, ‘आता सुटलो म्हणायचं’, ‘माझ्या माघारी पोरांकडं बघा’. यातलं एखादं वाक्य कुणीही वैतागून बोलतो. पण ते वारंवार यायला लागलं, त्याच्या जोडीला झोप उडाली, दारू वाढली, माणूस कट्ट्यावर यायचा थांबला, तर थांबून पाहायचं. याहून नेमकी चिन्हं निरवानिरवीची असतात. पासबुक आणि कागद बायकोच्या हाती देणं, किरकोळ उधारी घाईनं फेडणं, जीव लावलेलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधणं. आणि खूप दिवस तगमग झालेला माणूस एकाएकी शांत झाला तर ‘बरं झालं, सावरला’ म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. त्याच दिवशी जाऊन भेटायचं.

मग विचारणं. इथं जवळजवळ प्रत्येकजण अडखळतो. नवखा माणूस विचारतो, ‘तसलं काही डोक्यात नाही ना?’ या प्रश्नातच उत्तर ठरवून टाकलेलं आहे. समोरचा ‘छे छे’ म्हणतो आणि दोघंही सुटतात. विचारायचं असतं ते असं: ‘एवढा त्रास असला की काही जणांच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुमच्या मनात येतो का?’ एवढंच, स्पष्ट, आणि विचारून झाल्यावर गप्प राहायचं. दहा सेकंद, वीस सेकंद. ती शांतता सहन करणं हेच कौशल्य आहे आणि ते फक्त सरावानं येतं. ‘विचारलं तर डोक्यात भरेल’ ही भीती प्रत्येक वर्गात निघते. अभ्यास उलट सांगतात. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, मनावरचा दाब बहुधा कमी होतो, कारण पहिल्यांदा कुणीतरी तो शब्द उच्चारलेला असतो.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न दोन. काही ठरवलंय का? आणि आज-उद्या करायचं मनात आहे का? दोन्हींना ‘हो’ असेल तर त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सोबत घ्यायचं, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताशी राहणार नाहीत असं पाहायचं आणि सरळ दवाखान्यात न्यायचं. एवढी तातडी नसेल तर त्याच्यासमोरच १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन लावायचा. हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतो. नंबर चिठ्ठीवर लिहून देणं म्हणजे पोचवणं नव्हे. स्वतः लावून द्यायचा, पलीकडून आवाज येईपर्यंत शेजारी बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

चुका कुठं होतात त्याही ठरलेल्या आहेत. सगळ्यात पहिली चूक म्हणजे उपदेश. ‘पोराबाळांचा विचार कर’ असं म्हटलं की आधीच स्वतःला ओझं समजणारा माणूस आणखी दबतो. दुसरी चूक शपथ. पोराच्या डोक्यावर हात ठेवून ‘असं करणार नाही’ म्हणायला लावलं की सांगणाऱ्याला बरं वाटतं, धोका मात्र तसाच राहतो, आणि शपथ घेतलेला माणूस पुढच्या खेपेला तोंड उघडत नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देणं हीही चूकच. त्याऐवजी ‘गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवासाठी ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन’ असं म्हणायचं. पोलीस केसची धास्ती तर अजून आहे. प्रयत्न फसला तर घरचे दवाखान्यात अपघात सांगतात, त्यामुळं मानसोपचार विभागाकडं पाठवणंच होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखं, आत्महत्येच्या प्रयत्नालाच गुन्हा ठरवणारं सरसकट कलम राहिलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली येतो. हे पोलीस पाटलाला आणि ठाण्यातल्या हवालदाराला माहीत असेल तर तो घरच्यांना तिथंच धीर देऊ शकतो.

हे सगळं २०० जणांच्या सभागृहात पडद्यावर दाखवून शिकवता येत नाही. तुकडी २५ ची, फार तर ३० ची. दिवस पूर्ण, सात तासांचा. त्यातले निदान तीन तास सरावाचे. तिघातिघांचे गट करायचे: एक विचारणारा, एक उत्तर देणारा, एक पाहणारा. आठ मिनिटं सराव, चार मिनिटं चर्चा, मग अदलाबदल. पहिल्या फेरीत ‘जीव द्यायचा विचार’ हे शब्द बहुतेकांच्या तोंडून निघत नाहीत, ते ‘तसलं काही’वरच येतात. तिसऱ्या फेरीत निघतात. प्रशिक्षक प्रत्येक तुकडीला दोन हवेत, आणि हा खर्च कापायला सगळ्यात सोपा म्हणून तोच आधी कापला जातो. तो कापू नये. कोणत्याही २५ जणांत ज्याच्या घरात असं घडलं आहे असा एखादा असू शकतो, कधी एखादा स्वतःच त्या काठावर असतो. तो उठून बाहेर गेला तर एक प्रशिक्षक त्याच्या मागं गेला पाहिजे आणि वर्ग तरीही चालू राहिला पाहिजे.

भाषेची अट सोलापुरात टाळता येणारी नाही. शहराच्या पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शहरातल्या अनेक वस्त्यांत उर्दू. थेट प्रश्न हा या कामाचा कणा, आणि तो भाषांतर करून तयार होत नाही. मराठीतून शब्दशः केलेला तेलुगू प्रश्न एकतर उद्धट वाटतो, नाहीतर गुळमुळीत. तो त्या भाषेत घरी बोलणाऱ्या बायकांच्या गटात बसवून, उच्चारून, पुन्हा बदलून ठरवायला हवा. यासाठी दोन-तीन बैठकांचा वेळ आराखड्यात आधीच धरावा.

या प्रशिक्षणाची मर्यादाही उघड सांगायला हवी, नाहीतर तीन वर्षांनी कुणीतरी तीच पुढं करून निधी बंद करेल. युरोपातल्या १० देशांत १६८ शाळा आणि ११ हजारांवर विद्यार्थी घेऊन झालेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फक्त शिक्षकांना गेटकीपर प्रशिक्षण दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. जिथं मुलांनाच त्यांच्या मनाबद्दल बोलायला, ताण हाताळायला शिकवलं, तिथं वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये सगळ्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं शिकवलं, आत्महत्या घटल्या, आणि तीन-चार वर्षांत आकडा पुन्हा वर गेला. उजळणी नव्हती आणि शिकलेले काही डॉक्टर बेट सोडून गेले होते. श्रीलंकेत १८० गावांच्या अभ्यासात निम्म्या गावांत कीटकनाशकं ठेवायला घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्यानं प्रमाण कमी झालं नाही. तिथं मोठा फरक पडला तो सगळ्यात विषारी औषधांवर सरकारनं टप्प्याटप्प्यानं बंदी घातल्यावर. एखाद्या कारखान्याच्या सामाजिक निधीतून पेट्या वाटायची कल्पना आपल्याकडंही कुणाला सुचेल, कारण पेटीवर नाव छापता येतं. म्हणून हा दाखला लक्षात ठेवायला हवा.

यातून आम्ही काढतो तो निष्कर्ष असा: ओळखणारा माणूस तयार करणं हे अर्धं काम. दुसरं अर्धं म्हणजे त्यानं पोचवलेल्या माणसाला धरून ठेवणारी व्यवस्था. या दुसऱ्या अर्ध्याचा पुरावा भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच ठिकाणी १,८६७ जणांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये छापून आला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी अर्ध्यांना नेहमीचे उपचार, आणि अर्ध्यांना त्यावर एक तासाची समजावणी आणि पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या गटात २.२ टक्के लोक नंतर आत्महत्येनं गेले, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. एक तासाची समजावणी आणि नऊ वेळा कुणीतरी ‘कसं चाललंय’ विचारलं, एवढाच फरक. यंत्र नाही, महागडं औषध नाही.

हे सोलापुरात बसवता येतं. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, आणि प्रत्येक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयात एक ठरलेली नर्स किंवा समुपदेशक, तिच्याकडं एक मोबाईल आणि एक वही. प्रयत्नातून वाचलेला प्रत्येक माणूस सुट्टी होण्याआधी तिला भेटणार. घरी गेल्यावर ७ दिवसांत पहिला फोन, मग ठरलेल्या अंतरानं पुढचे आठ. फोन लागला नाही तर त्या गावच्या प्रशिक्षित आशेला निरोप. आजार कळेल असा कुठलाही शब्द त्या निरोपात नको, फक्त ‘भेटून या’. वहीत नावाऐवजी क्रमांक, वही कुलपात. ही गुप्तता एकदा जरी फुटली तरी त्या गावातून पुन्हा कुणी येणार नाही.

आता हिशेब. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. दर ५०० माणसांमागं एक प्रशिक्षित धरला तर साधारण ८,६३५ जण, म्हणजे २५ च्या ३४५ तुकड्या. एका तुकडीचा खर्च आम्ही असा धरतो: दोन प्रशिक्षकांचं मानधन ३,०००, जेवण-चहा २७ जणांचा ४,०५०, पुस्तिका १,५००, प्रवासखर्च २५ जणांचा ५,०००, आणि बुडालेल्या दिवसाचे प्रत्येकी ३०० प्रमाणे ७,५००. एकूण २१,०५०. जागा पंचायत समितीची, फुकट. ३४५ तुकड्यांचे झाले ७२ लाख ६२ हजार. सहा महिन्यांनी अर्ध्या दिवसाची उजळणी, तुकडीला ११,८३० प्रमाणे ४० लाख ८१ हजार. ३० प्रशिक्षक आधी घडवायला पाच दिवसांचं निवासी शिबिर, पावणेचार लाख. दोन समन्वयक, महिना ३० हजारांवर तीन वर्षं, २१ लाख ६० हजार. सगळं मिळून १ कोटी ३९ लाखांच्या आत, म्हणजे वर्षाला ४६ लाख. तीन वर्षांचे मिळून डोई सव्वातीन रुपये. सिव्हिलच्या पाठपुराव्याच्या नर्सचा पगार यात नाही. तो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून यावा, कारण आत्महत्या प्रतिबंध हा त्या कार्यक्रमाचाच भाग आहे.

दिवसाचे ३०० रुपये कशाला, असा प्रश्न येणारच. आशांवर आधीच सर्वेक्षणं, लसीकरण, नोंदवह्या लादलेल्या आहेत. त्यांच्या कामात आणखी एक फुकटचं काम घालणं अन्याय आहे आणि त्याचा परिणामही दिसतो: सही होते, माणूस अर्ध्या दिवसात निघून जातो. विडी वळणारी बाई तर दिवस मोडून येऊच शकत नाही. पैसे दिले तर ती येते, आणि तिच्या गल्लीत काय चाललंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच तुकड्या फक्त सरकारी कर्मचाऱ्यांनी भरू नयेत. निम्म्या जागा बचत गटांच्या बायका, विडी कारखान्यात माल मोजून घेणारे, मागाचे मुकादम, कृषी सेवा केंद्रवाले, सोसायटीचे सचिव यांना राखून ठेवा.

‘हे तज्ज्ञांचं काम आहे, अर्धवट शिकलेल्यांच्या हाती देऊ नका’ हा आक्षेप आम्ही गांभीर्यानं घेतो. गेटकीपरनं उपचार करायचे नाहीत, समुपदेशनही नाही, ही रेघ प्रशिक्षणात पहिल्या तासाला ओढावीच लागते. पण रात्री नऊ वाजता सांगोल्याच्या वाडीवर डाळिंबाच्या बागेतून परत न आलेल्या माणसाच्या शोधात तज्ज्ञ जाणार नाही, शेजारीच जाणार. त्या शेजाऱ्याला काय बोलायचं ते माहीत असावं की नसावं, एवढाच प्रश्न आहे.

यश मोजायचं कसं, हेही निधीच्या आदेशात लिहा. ‘८,६३५ प्रशिक्षित’ हा आकडा यशाचा नाही, खर्चाचा आहे. एखाद्या तालुक्यातल्या आत्महत्या वर्षभरात कमी-जास्त झाल्या यावरूनही निकाल लावू नका, कारण एका तालुक्याचे वर्षाचे आकडे लहान असतात आणि आपोआप खालीवर होतात. तीन महिन्यांनी प्रत्येक प्रशिक्षिताला फोन करून चार गोष्टी विचारा: कुणाला थेट विचारलंत का, किती जणांना, त्यातले किती दवाखान्यात किंवा टेलिमानसपर्यंत पोचले, आणि त्यांना तुम्ही पुन्हा भेटलात का. ज्या तुकडीत एकानंही विचारलेलं नाही, त्या तुकडीचं प्रशिक्षण फसलं असं मानून तिची उजळणी आधी घ्या. हे आकडे दर सहा महिन्यांनी नावांशिवाय जाहीर करा.

जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा दरवर्षी हिवाळ्यात तयार होतो, महापालिका आणि जिल्हा परिषदेची अंदाजपत्रकं त्यामागोमाग येतात. आरोग्य विभागाकडून प्रस्ताव गेला नसेल तर नियोजन समितीत विषयच निघत नाही. म्हणून दिवाळीच्या आत जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या सह्यांचा एकत्र प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर हवा. ग्रामीण भागाचा वाटा नियोजन समितीकडून, शहराचा महापालिकेकडून, आणि उजळणीची रक्कम पहिल्याच वर्षी वेगळी काढून ठेवलेली, दुसऱ्या कामाकडं वळवता येणार नाही अशा अटीसह. पहिल्या वर्षी बार्शी, सांगोला, अक्कलकोट आणि शहराचा पूर्वभाग एवढेच घ्यावेत. शेतकरी, बागायतदार, कन्नड बोलणारी गावं, तेलुगू बोलणारे कामगार, सगळ्यांच्या अडचणी त्यात समोर येतील, आणि उरलेल्या तालुक्यांत जाण्याआधी पुस्तिका निदान एकदा दुरुस्त होईल.